अकरावीत असताना गणितात संशोधन करायचं असेल तर

प्रश्न: मी अकरावीत आहे. शाळेचं गणित सोपं जातं म्हणून कॅल्क्युलस माझं मीच संपवलं, लिनिअर अल्जेब्राचे व्हिडिओ बघून झाले, आता ग्रुप थिअरी सुरू केली आहे. मला गणितात संशोधन करायचं आहे. आणखी काय काय शिकून झालं की सुरुवात करता येईल? मार्गदर्शक कसा मिळवू? आणि बारावीच्या आत एखादा पेपर छापून यायलाच हवा का?

उत्तर:

तुझ्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण ‘आणखी काय काय शिकून झालं की’ याच विचारात बहुतेक मुलं अडकून पडतात. मी विद्यापीठात नंबर थिअरी शिकवते आणि गेली पंधरा-सोळा वर्षं सुट्टीत शाळकरी मुलांबरोबर छोटे प्रकल्प करते. हुशार मुलं बहुधा विषयांची यादी घेऊनच येतात. हे झालं, ते झालं, आता पुढचं सांगा. ती यादी संपली की संशोधनाचं दार उघडेल असं त्यांना वाटत असतं. पण ती यादी कुणाचीच संपत नाही. माझीही संपलेली नाही.

म्हणून आधी एक छोटी चाचणी घे. पुस्तक, फोन सगळं बाजूला ठेव आणि √२ अपरिमेय आहे याची सिद्धता कोऱ्या कागदावर लिही. ही तुला येत असणारच. आता तीच सिद्धता शब्दशः √३ साठी लिही, मग √६ साठी. आणि मग √४ साठी. √४ तर २ आहे, म्हणजे सिद्धता कुठेतरी मोडायलाच हवी. नेमकी कोणत्या ओळीत मोडते? ते बोट ठेवून दाखवता आलं तर √१२ घे. √१२ खरोखरच अपरिमेय आहे, तरीही २ च्या जागी १२ घालून तीच सिद्धता लिहिलीस तर ती चुकीची ठरते. का, आणि ती दुरुस्त कशी करायची?

एकदा माझ्याकडे एक मुलगा आला होता. त्याने गॅल्वा थिअरीसारख्या वरच्या पातळीच्या विषयापर्यंतचे व्हिडिओ पाहिले होते, आणि शब्द सगळे बरोबर वापरत होता. √४ पाशी तो थांबला. √४ हा अपूर्णांक मानून त्याच्या अंशाला त्याने प म्हटलं होतं. ‘प² ला ४ ने भाग जातो, म्हणून प ला ४ ने भाग जातो’ हे वाक्य त्याने न अडखळता लिहिलं होतं, आणि प = २ घेऊन बघावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं. आम्ही दोन आठवडे तिथेच राहिलो. कोणत्या संख्यांसाठी हे वाक्य खरं असतं, मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे आपण नक्की कुठे वापरतो, आणि ते एकाच प्रकारे पडतात हे तरी कशावरून? दोन आठवड्यांनी त्याला आधीच्या दोन वर्षांत शिकलेलं बरंचसं पुन्हा वाचावंसं वाटलं. त्या दोन आठवड्यांना मी त्याच्या संशोधनाची सुरुवात मानते.

व्हिडिओ वाईट नसतात. पण दुसऱ्याने केलेली सिद्धता डोळ्यांसमोरून जाताना प्रत्येक पायरी पटते, आणि पटलं म्हणजे आलं असं वाटतं. स्वतः लिहायला बसलं की कळतं, आपल्याला विधान माहीत आहे, त्याचं कारण माहीत नाही. तुझी यादी आहे तेवढी पुरे आहे. ग्रुप थिअरीत पुढची दोन प्रकरणं उरकण्यापेक्षा वाचून झालेल्या प्रकरणातली वीस उदाहरणं पूर्ण वाक्यांत, प्रत्येक पायरीचं कारण देऊन लिहून काढ.

आता संशोधन सुरू कुठून होतं ते बघू. वर्तमानपत्रांत गाजलेल्या शाळकरी मुलांच्या गोष्टी तू वाचल्या असशील. त्यातली एक बाब बातम्यांत मागे पडते. ब्रिटनी गॅलिव्हनला शाळेत जादा गुणांसाठी आव्हान मिळालं होतं: एखादी वस्तू बारा वेळा अर्ध्यात दुमडून दाखव. २००२ मध्ये तिने कागदाची लांबच लांब पट्टी घेऊन ते केलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की कागदाची जाडी आणि घड्यांची संख्या दिली तर किती लांबी लागेल याचं सूत्र तिने मांडलं. नेकिया जॅक्सन आणि कॅल्सिया जॉन्सन यांच्यापुढे पायथागोरसच्या प्रमेयाचा प्रश्न आला तो शाळेतल्या गणितस्पर्धेतला जादा प्रश्न म्हणून. त्यांनी त्रिकोणमितीवर आधारलेली सिद्धता २०२३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडली आणि २०२४ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात एकाऐवजी अनेक सिद्धता होत्या. हॅना कैरो सतरा वर्षांची असताना तिने १९८० च्या दशकापासून खुली असलेली मिझोहाता-ताकेउची अटकळ (अटकळ म्हणजे खरं वाटणारं पण सिद्ध न झालेलं विधान) चुकीची आहे हे दाखवणारं उदाहरण शोधलं. २०२५ मधलं हे काम. तेही एका अभ्यासक्रमातल्या गृहपाठातून निघालं, त्या अटकळीचा एक सोपा विशेष प्रकार सिद्ध करा असा तो गृहपाठ होता.

कैरोची तयारी फार वरच्या पातळीची होती, विद्यापीठातले पदव्युत्तर वर्ग ती करत होती. तिच्याशी स्वतःची तुलना करू नकोस. पण चौघींच्या बाबतीत वाट एकच दिसते. समोर आलेला प्रश्न उत्तर मिळाल्यावर त्यांनी खाली ठेवला नाही.

प्रश्न खाली न ठेवणं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, ते एका उदाहरणाने दाखवते. शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेली क्रिया तुला माहीत असेल. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करा, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येते आणि तिथेच राहते. बहुतेक जण दोन-तीन संख्या करून बघतात, चकित होतात आणि पुढे जातात.

चकित झाल्यावर पहिला प्रश्न: का? संगणकावर दहा ओळींचा प्रोग्राम लिहून सगळ्या ९,९९० संख्या (०००१ सारख्या, पुढे शून्य असलेल्याही धरून) तपासता येतील. ती सिद्धताच आहे, पण तिच्यातून काही कळत नाही. म्हणून अक्षरं घे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकी येते, स्वतः करून बघ. म्हणजे उत्तर चार अंकांवर अवलंबून नाही, दोनच फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ ते ९ मधला, आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतचा. अशा जोड्या किती? २ + ३ + … + १० = ५४. पहिल्याच वजाबाकीनंतर ९,९९० संख्यांचं काम ५४ वर आलं, आणि ५४ तर हाताने तपासता येतात. हा क्षण मला आजही फार आवडतो. अफाट वाटणारं काहीतरी एका बरोबर प्रश्नाने तळहातावर मावतं.

दुसरा प्रश्न: एक गोष्ट बदलली तर? अंक दोनच घेऊ. वजाबाकी ९ च्या पटीत येते: ८१ वरून ६३, मग २७, मग ४५, मग ०९, आणि पुन्हा ८१. कुठेच थांबत नाही, फिरत राहते. इथे पुष्कळ मुलं ‘दोन अंकांना नियम चालत नाही’ असं लिहून वही मिटतात. दहावीतल्या एका मुलीने मात्र मला विचारलं, दहाच्या ऐवजी दुसरा पाया घेतला, म्हणजे दहा-दहाच्या ऐवजी पाच-पाचचे किंवा आठ-आठचे गट करून संख्या लिहिल्या तर? पाया ५ घेऊन तिने करून बघितलं तर काही संख्यांपासून निघालेली क्रिया १३ वर थांबली, पाया ८ मध्ये २५ वर, पाया ११ मध्ये ३७ वर. (या संख्या त्या त्या पायात लिहिलेल्या आहेत, आपल्या नेहमीच्या १३, २५, ३७ नव्हेत.) पाया ६, ७, ९, १० मध्ये शून्य सोडलं तर अशी थांबणारी संख्याच सापडली नाही. ५, ८, ११. तिने पाया १४ घ्यायच्या आधीच सांगितलं की तिथे अशी संख्या मिळेल, आणि मिळाली.

मग सिद्धता. दोन अंकांमधला फरक फ आणि पाया प असेल, तर वजाबाकी फ(प−१) येते, आणि तिचे अंक फ−१ आणि प−फ असतात. त्या अंकांमधला नवा फरक, चिन्ह सोडून, (प+१) − २फ. क्रिया थांबायची तर नवा फरक जुन्याइतकाच हवा, म्हणजे ३फ = प+१. म्हणजे पायात १ मिळवून येणाऱ्या संख्येला ३ ने भाग गेला तरच अशी संख्या असते. १० + १ = ११, म्हणून आपल्या दशमान पद्धतीत ती नाही. हे सूत्र सापडल्यावर तिचा चेहरा मला अजून आठवतो. कापरेकर क्रियेवर भरपूर लेखन झालं आहे, तिच्याआधी हे कुणाला तरी सापडलेलं असणारच, आणि ते मी तिला सांगितलंही. पण तिने ते वाचलं नव्हतं, शोधलं होतं. प्रश्न तिचा, तक्ता तिचा, अटकळ तिची, सिद्धता तिची. जगासाठी नवं असणं ही पुढची पायरी आहे, आणि ही पायरी चढल्याशिवाय तिथे जाता येत नाही.

यातला अटकळ ते सिद्धता हा टप्पा गाळू नकोस. संगणक हाताशी असल्यामुळे हल्ली मुलं लाखभर उदाहरणं तपासून ‘सिद्ध झालं’ म्हणतात. गणितज्ञ पोल्या यांची १९१९ मधली एक अटकळ होती. १ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्या घ्या, मूळ अवयवांची संख्या (पुन्हा आलेले अवयव पुन्हा मोजून) सम असणाऱ्या एका बाजूला, विषम असणाऱ्या दुसऱ्या बाजूला. सम बाजू विषम बाजूपेक्षा कधीच मोठी होणार नाही, १ ही पहिली पायरी सोडली तर, असं ती सांगते. १९५८ मध्ये ती चुकीची ठरली, आणि ती प्रथम मोडते ती ९०,६१,५०,२५७ या संख्येशी. नव्वद कोटी उदाहरणं एका बाजूने बोलली आणि तरी विधान खोटं होतं. उदाहरणं खूप कर, हाताने कर, संगणकावर कर, पण वहीत ‘दिसलं’ आणि ‘सिद्ध केलं’ हे दोन रकाने वेगळे ठेव.

वहीबद्दल आणखी एक. तारीख घालून लिही, आणि फसलेले प्रयत्न खोडू नकोस. का फसला ते एका ओळीत लिहून ठेव. तीन महिन्यांनी तीच कल्पना नव्या कपड्यांत परत येते आणि आपण पुन्हा चार दिवस तिच्यामागे जातो.

विषय कोणते घ्यावेत? तुझ्या वयात कॉम्बिनेटोरिक्स (मोजणीचं गणित), ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) आणि प्राथमिक नंबर थिअरी (पूर्णांकांचं गणित) ही सगळ्यात मोकळी जमीन आहे. खुल्या प्रश्नांपर्यंत पोचायला इथे फार मोठी शिडी लागत नाही. गणिती विगमन, कबुतरखान्याचं तत्त्व, बाक्यांचं गणित आणि मोजण्याच्या दोन-चार पद्धती एवढ्यावर खूप काही करता येतं. ग्रुप थिअरी सोडू नकोस, सममिती मोजताना ती लगेच उपयोगी पडेल. बीजगणितीय भूमिती किंवा अनॅलिसिसचे खोल भाग अप्रतिम आहेत, पण तिथे नवा प्रश्न कळायलाच काही वर्षं जातात. थोडं प्रोग्रॅमिंग शीक, पायथॉन पुरे.

प्रश्नातून एखादी क्रमिका मिळाली, समजा १, २, ४, ८, १६, ३१, तर ती पूर्णांक क्रमिकांच्या ऑनलाइन कोशात टाकून बघ. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थिदशेत सुरू केलेला हा संग्रह आता सगळ्यांना फुकट खुला आहे. (३१ ही चूक नाही. वर्तुळावरचे बिंदू एकमेकांना जोडत जा, आत तीन रेषा एकाच बिंदूत येऊ देऊ नकोस, आणि भाग मोज.) पण तुझं स्वतःचं थोडं काम झाल्यावरच तो उघड. पहिल्याच दिवशी उत्तर दिसलं की प्रश्न मरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दलही माझं तेच मत आहे. ती सफाईदार सिद्धता लिहितात, आणि चुकीची ओळही तितक्याच आत्मविश्वासाने लिहितात. ती ओळ पकडण्याची नजर स्वतः चुकल्याशिवाय येत नाही. तुझी सिद्धता लिहून झाल्यावर तिच्यात छिद्र शोधायला ती साधनं जरूर वापर, आणि ती दाखवतील त्या छिद्राचीही शहानिशा कर.

ऑलिम्पियाडबद्दल तू विचारलं नाहीस, पण घरचे विचारतील. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये रोज साडेचार तासांत तीन प्रश्न असे दोन दिवस असतात, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे हे आधीच ठाऊक असतं. संशोधनात ती खात्री नसते, घड्याळही नसतं. मरियम मिर्झाखानी यांनी १९९४ आणि १९९५ मध्ये तिथे सुवर्णपदकं मिळवली आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक, गणितातला अत्यंत मानाचा पुरस्कार. जून हो यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळालं, आणि शालेय वयात ते कवी व्हायचं म्हणून शाळा सोडून बसले होते. ते प्रश्न आवडत असतील तर मनापासून सोडव. आवडत नसतील तर त्यावरून स्वतःबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नकोस.

आता मार्गदर्शक. मला आठवड्याला पाच-सहा मेल येतात, ‘मला गणिताची अतिशय आवड आहे, कृपया तुमच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाची संधी द्यावी’ अशा थाटाचे. यातल्या कुणाला काय उत्तर द्यावं हे मला खरंच कळत नाही, कारण मेलमध्ये गणित नसतं. उलट समज असा मेल आला: ‘कापरेकर क्रिया दोन अंकांसाठी कोणत्या पायात थांबते हे मी सोडवलं आहे, दोन पानी टिपण जोडलं आहे. जिथे थांबत नाही तिथे चक्राची लांबी किती असते हा पुढचा प्रश्न आहे. पाया २० पर्यंतचा तक्ता केला आहे, पण मला नियम दिसत नाही. हे कुठे अभ्यासलं गेलं आहे का?’ असा मेल मी त्याच दिवशी वाचेन, आणि मी एकटीच तशी नाही. टिपण दोनच पानांचं असू दे, त्यात व्याख्या, विधान, सिद्धता आणि जिथे अडलं ती जागा एवढं असावं. लाटेकमध्ये (गणिती मजकूर टाइप करण्याच्या प्रणालीत) टाइप करायला शीक, आठवड्याभरात हात बसतो. मोठ्या नावांपेक्षा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि जवळच्या कॉलेजातल्या शिक्षकांना लिहिलंस तर वेळ मिळण्याची शक्यता जास्त. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच नम्र आठवण कर, मग दुसऱ्याला लिही.

मार्गदर्शक मिळाला तर त्याने दिलेला प्रश्न लहान वाटला तरी नाकारू नकोस. आणि दर भेटीला काहीतरी लिहिलेलं ने, अर्धवट का होईना.

पेपरचं उत्तर थोडक्यात: नाही, यायलाच हवा असं काही नाही. प्रवेश-अर्जाच्या धाकापायी मुलं पैसे घेऊन ‘संशोधन’ करून देणाऱ्या उपक्रमांकडे आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांकडे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा असा लेख छापला गेला होता. त्यातली मुख्य सिद्धता चुकीची होती आणि ती कुणी वाचलीच नव्हती. दोन वर्षांनी त्याच्या ते लक्षात आलं, तेव्हा त्याच्या नावावर ते कायमचं बसलेलं होतं. चांगलं नियतकालिक लेख तज्ज्ञाकडून तपासून घेतं, त्यात अनेक महिने जातात, कधी वर्षाहून जास्त, आणि नकारही येतो. जिथून दोन आठवड्यांत होकार आणि सोबत बिल येतं तिथे काही पाठवू नकोस. नीट लिहिलेलं दहा पानी टिपण, ज्यातली प्रत्येक ओळ तुला फळ्यावर समजावून सांगता येते, ते कुठल्याही जाणत्या माणसापुढे जास्त बोलतं. त्यातून पुढे खरोखर नवं काही निघालं तर छापायचं कुठे ते तुझा मार्गदर्शकच सुचवेल.

शाळेचा अभ्यास सांभाळून आठवड्यातले पाच-सहा तास मिळाले तरी चालतील, पण ते सलग मिळू देत. वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत प्रश्न डोक्यात चढतच नाही. पहिला तास मागचं आठवण्यात जातो. काही आठवडे काहीच हाती लागणार नाही, आणि तेव्हा आपल्याला गणित येतच नाही असं वाटेल. माझेही असे आठवडे अजून जातात. अशा वेळी प्रश्न लहान कर. सगळ्या पायांसाठी जमत नसेल तर सम पायांसाठी, तेही जमत नसेल तर फक्त पाया ४ साठी पूर्ण करून टाक.

तर सुरुवात अशी कर. कापरेकर क्रिया तीन अंकी संख्यांवर कर. दशमान पद्धतीत ती ४९५ वर थांबते. तिथे वजाबाकी ९९ च्या पटीत येते आणि तिचा मधला अंक नेहमी ९ असतो, हे आधी स्वतः सिद्ध कर. मग पाया ४, ६, ८ घेऊन बघ, आणि त्यानंतर ५, ७, ९. दोन्ही गटांत काय दिसतं ते एका रकान्यात, आणि का ते दुसऱ्या रकान्यात. दोन पानं झाली की मला पाठव. अडलीस तर जिथे अडलीस तिथपर्यंतच पाठव.